मातीचा तपकिरी आणि काळाचा तपकिरी

रंगाविषयीं रेडिओवरून बोलणें हें जरासें धाडसाचेंच काम आहे. ‘हा पाहा तांबडा, हा पाहा पिंवळा’ असें मी येथें बसून म्हटलें तरी आपणांस कांहीं दिसणार नाहीं. तथापि आज ज्या रंगाची हकीकत मला सांगावयाची आहे, तो डोळ्यांपुढें आणण्यास आपणांस फार शोध करावा लागणार नाहीं. आपण ज्या खुर्चीवर बसलां असाल तिच्या लांकडांत तो आहे, शेजारच्या चहाच्या पेल्यांत तो आहे, खिडकीबाहेरच्या मातींत तो आहे, आणि बहुतेकांच्या स्वतःच्या हाताच्या कातडींतहि तो आहे. मी तपकिरी रंगाविषयीं बोलतों आहे.

या रंगाची व आपली पहिली ओळख बहुधा एका निराशेच्या प्रसंगीं झालेली असते. घरांतल्या लहान मुलाला कोणी हौसेनें रंगांची पेटी आणून देतें. मूल प्रथम तांबडा लावतें, मग निळा, मग पिंवळा. पुढें त्याचा असा तर्क चालतो कीं, एकेक रंग जर इतका सुंदर, तर सगळे एकत्र केल्यावर केवढी बहार होईल! तें सर्व रंग एकाच बशींत कालवतें, आणि होतो काय, तर चिखल. मूल रडकुंडीस येतें आणि आई म्हणते, “झालें, नासलेस सगळे रंग!”

माझें आजचें सांगणें एवढेंच कीं, तो रंग नासलेला नसतो. त्या मुलानें नकळत जें केलें तेंच जाणून, मोजून व बेतानें करावयास शिकणें हा चित्रकलेच्या इतिहासाचा एक मोठा भाग आहे. आणि ज्या ज्या वेळीं माणसानें हा बेत सोडून आडवाट धरली, त्या त्या वेळीं त्याचीं चित्रें तरी बिघडलीं, किंवा जुन्या चित्रांविषयींची त्याची समजूत तरी बिघडली.

प्रथम, तपकिरी म्हणजे काय, हें पाहूं. सर आयझॅक न्यूटननें १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलींत एका लहानशा छिद्रांतून सूर्याचा किरण घेतला व तो लोलकांतून नेऊन भिंतीवर त्याचे रंग पसरून दाखविले. या प्रयोगांवरील त्याचा ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ १७०४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सात रंगांचीं नांवें आहेत. तपकिरीचें नांव नाहीं. इंद्रधनुष्यांतहि तपकिरी पट्टा कोणीं पाहिलेला नाहीं. मग हा रंग आला कोठून? तर तपकिरी हा वस्तुतः मंद झालेला नारिंगी होय. सभोंवारच्या उजेडाच्या मानानें नारिंगी रंग पुरेसा काळोखा झाला, म्हणजे आपला डोळा त्याला नारिंगी म्हणणें सोडून तपकिरी म्हणूं लागतो. याची परीक्षा घरींच घेतां येते. तपकिरी कागदाचा एक तुकडा भर उन्हांत ठेवावा, काळ्या कागदाची लांब नळी करावी, व आजूबाजूचें दुसरें कांहीं दिसणार नाहीं अशा बेतानें तिच्यांतून त्या तुकड्याकडे पाहावें. पाहतां पाहतां तो नारिंगीकडे झुकूं लागतो. नळी दूर केली कीं पुन्हां तपकिरी! म्हणजे हा रंग एकटा राहणारा नव्हे. तो नेहमीं शेजाऱ्यांच्या संगतींत ठरतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा उपयोग होणार आहे.

इंद्रधनुष्यांत ज्याला जागा नाहीं त्याला भाषेंतहि स्वतःचें घर मिळालेलें दिसत नाहीं. मराठींत त्याचीं बहुतेक नांवें उसनीं आहेत. बदामी, काथ्या, विटकरी, चॉकलेटी या सर्व वस्तु आहेत. खाकी म्हणजे धुळीचा. खुद्द ‘तपकिरी’ हें नांव तपकिरीवरून, म्हणजे तंबाखूच्या पुडीवरून आलें आहे. आणि तंबाखू तर या देशांत पोर्तुगीजांच्या मागून आली. असदबेग नांवाचा अकबराच्या दरबारचा एक अधिकारी विजापुरास गेला असतां त्यानें तेथून तंबाखू नेली व १६०४-०५ च्या सुमारास ती बादशहापुढें ठेविली, अशी त्याचीच लेखी हकीकत आहे. तेव्हां ‘तपकिरी’ हा शब्द त्याहून फारसा जुना असूं शकत नाहीं. संस्कृतांत कपिश, पिंगल, बभ्रु असे शब्द आहेत. पण कपिशाच्या पोटांत वानर आहे, आणि बभ्रु म्हणजे मुंगूसहि होतें. नांव असें वस्तूवरून घ्यावें लागलें याचें कारण उघड आहे. हा एक रंग नसून फिकटापासून गडदापर्यंत पसरलेलें एक मोठें कुटुंब आहे, आणि त्यांतील प्रत्येकाला ओळखावयाचें तर कशासारखा तें सांगावें लागतें.

या कुटुंबाचें मूळ गांव म्हणजे माती. जमिनींत लोखंड असतें, त्या लोखंडाला गंज चढतो, आणि तो गंज ज्या मातींत मुरला ती माती रंगीत होते. ज्या गंजांत पाण्याचा अंश असतो तो पिंवळा. तीच आपली पिवडी. पाण्याचा अंश नसला तर तो तांबडा. तीच आपली काव किंवा गेरू. पिवडी तव्यावर चांगली भाजली, साधारण अडीचशें ते तीनशें अंश उष्णतेपर्यंत नेली, तर तिच्यांतलें पाणी निघून जातें व ती आधीं नारिंगी, मग तांबूस, मग तांबडी होते. कुंभाराच्या आव्यांत आणि विटांच्या भट्टींत हीच क्रिया रोज होते. पिंवळसर मातीची वीट भाजून तांबडी निघते, तें याचमुळें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट होऊन पाँपेई शहर गाडलें गेलें. तेथील घरांच्या ज्या तांबड्या भिंती जगप्रसिद्ध झाल्या, त्यांतील कांहीं मुळांत पिंवळ्या होत्या व ज्वालामुखीच्या उष्णतेनें तांबड्या झाल्या, असें आतां परीक्षणान्तीं ठरलें आहे. मातीचा रंग अग्नि कसा पालटतो याचें याहून भयंकर उदाहरण क्वचितच मिळेल.

पिवडी व काव यांच्या जोडीस आणखी एक माती आहे. तिच्यांत लोखंडाबरोबर मँगनीजहि असतें, व त्यामुळें ती मुळचीच गडद तपकिरी असते. चित्रकारांच्या नळ्यांवर जें ‘अंबर’ असें नांव छापलेलें असतें ती हीच माती. तिची उत्तम जात सायप्रस बेटांत निघते. अंबर हें नांव इटलींतील उंब्रिया प्रांतावरून आलें, असें कोणी म्हणतात. लॅटिन भाषेंतील छाया या अर्थाच्या शब्दावरून आलें, असें दुसरे म्हणतात. ‘सिएना’ ही माती मात्र निश्चितपणें इटलींतील सिएना या शहराच्या नांवाची. या दोन मातींचे प्रत्येकीं कच्ची व भाजलेली असे दोन प्रकार. म्हणजे दोन मातींपासून एका चुलीनें चार रंग झाले. फिकट तपकिरीपासून काळपट तपकिरीपर्यंतची निम्मी वाट तर निसर्गानें व अग्नीनेंच तयार करून दिली.

उरलेली निम्मी वाट मिश्रणाची. तीहि अत्यंत पुरातन आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्लोम्बोस नांवाच्या गुहेंत २००८ सालीं दोन मोठे शिंपले सांपडले. त्यांत सुमारें एक लाख वर्षांपूर्वीं माणसानें कालविलेल्या रंगाचा अवशेष होता: कावेची पूड, हाडांचा चुरा व कोळसा. जवळच वाटण्याचे दगडहि होते. हा रंग अंगाला लावण्यासाठीं होता कीं कातड्याला, हा प्रश्न बाजूस ठेवूं. एवढें खरें कीं शेतीच्या, लेखनाच्या, गांवांच्याहि कितीतरी आधीं कोणी एक माणूस शिंपल्याची बशी करून तांबडी माती व कोळसा एकत्र कालवीत बसला होता. आपल्या घरांतल्या त्या मुलाचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, आपल्याला काय हवें आहे हें त्याला ठाऊक होतें.

या मिश्रणाचें प्रमाण लिहून ठेवणाऱ्यांत इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याचें नांव मोठें आहे. इ. स. १४०० च्या सुमारास त्यानें चित्रकारांसाठीं एक हस्तपुस्तक लिहिलें. त्यांत तो एक आठवण सांगतो. बाप त्याला एकदां डोंगराच्या पायथ्याशीं एका ओसाड जागीं घेऊन गेला. तेथें कुदळीनें कडा खरवडला तेव्हां आंत पिवडीच्या, गडद व फिकट कावेच्या, पांढऱ्या व काळ्या मातीच्या शिरा दिसल्या. माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुती दिसावी तशा त्या त्याला भासल्या. मातीकडे अशा दृष्टीनें पाहणारा मनुष्य मिश्रणाविषयीं काय सांगतो तें ऐकण्यासारखें आहे. भिंतीवर चेहरा रंगवितांना रेषा व छाया काढण्यासाठीं जो हिरवट तपकिरी रंग लागतो त्याचें त्याचें प्रमाण असें: पावट्याएवढी गडद पिवडी, मसुरीच्या दाण्याएवढें काळें, पावट्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी चुन्याची पांढरी, आणि चाकूच्या टोंकावर राहील एवढी फिकट तांबडी. आपल्या स्वयंपाकघरांतील मसाल्याच्या प्रमाणांत आणि यांत फारसा फरक नाहीं! आणि स्वयंपाकांत जसें मीठ शेवटीं व बेतानें, तसें येथें काळें. पिवडीच्या मानानें तें अगदीं थोडें घ्यावयाचें, हें या प्रमाणांतील मर्म आहे.

दुसरी गोष्ट तो सांगतो ती तीन वाट्यांची. एखादें वस्त्र रंगवावयाचें असेल तर एका वाटींत मूळ रंग घ्यावा. दुसरींत त्याच रंगांत पांढरा मिसळून फिकट करावा. आणि मग या दोहोंतून सारखा भाग घेऊन तिसऱ्या वाटींत मधला रंग करावा. गडद रंग घडींत, मधला मध्यावर, फिकट उंचवट्यावर. चित्राला उठाव येतो तो या तीन वाट्यांमुळें. फिकट व गडद हे दोन वेगळे रंग नसून एकाच घराण्याच्या तीन पिढ्या आहेत, आणि मधली पिढी दोन्हींकडचें रक्त घेऊनच जन्मावी लागते, असा याचा अर्थ.

पुढच्या चित्रकारांनीं या ज्ञानांत अनुभवानें पुष्कळ भर घातली. याकोब क्रिस्टोफ ल ब्लों यानें लंडनमध्यें १७२५ सालीं ‘कोलोरिट्टो’ नांवाचें पुस्तक काढून असें मांडलें कीं तांबडा, पिंवळा व निळा या तीन रंगांपासून इतर सर्व रंग होतात, आणि तिन्ही एकत्र केले तर काळा होतो. त्या काळ्याच्या अलीकडच्या वाटेवर जो जो थांबा लागतो तो तपकिरीचा. तांबडा व पिंवळा मिळून नारिंगी झाला कीं त्यांत थोडा निळा घालावा. नारिंगीचा डौल मोडून तो तपकिरी होतो. तांबड्यांत हिरवा घातला तरी तेंच, कारण हिरव्यांत निळा व पिंवळा दोन्ही आहेत. तांबडा अधिक तर विटकरी, पिंवळा अधिक तर बदामी, निळा अधिक तर कॉफीसारखा. मुलाच्या बशींत चिखल होतो तो तिन्ही रंगांचें प्रमाण सुटल्यामुळें. रंगांचा त्यांत दोष नाहीं.

आतां या तपकिरीला फिकट कसें करावें? सहज सुचतें तें पांढरें घालणें. पण नुसतें पांढरें घातलें तर तपकिरी फिकट होतांना थंड व निर्जीव होतो. तांबूस असेल तर गुलाबीकडे जातो, काळपट असेल तर राखेसारखा दिसतो. म्हणून जाणता चित्रकार पांढऱ्याबरोबर किंचित् पिवडी घालतो व गेलेली ऊब परत आणतो. पाण्याच्या रंगांत तर पांढऱ्याची गरजच नाहीं. पाणी अधिक घालून हात पातळ लावला कीं खालचा कागदच पांढऱ्याचें काम करतो. आणि गडद करावयाचा तर? सहज सुचतें तें काळें घालणें. पण काळें तपकिरीला मारून टाकतें. त्याऐवजीं भाजलेल्या अंबरमध्यें गडद निळा घातला तर काळ्याच्या इतका जवळ जाणारा, तरीहि जिवंत असा रंग मिळतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम तो, जो आपण नळींतून पाहिला. रंग बशींत पाहून ठरवूं नये. चित्रांत, शेजाऱ्यांच्या संगतींत ठेवून पाहावा. पांढऱ्या बशींत जो गडद वाटतो तोच काळोख्या चित्रांत उजळ दिसतो.

ही विद्या केवळ युरोपाची नव्हे, हें दाखवावयास अजिंठ्याएवढा साक्षीदार दुसरा नाहीं. वाघोरा नदीच्या वळणावरील कड्यांत कोरलेल्या या लेण्यांपैकीं नववें व दहावें यांतील जुनीं चित्रें ख्रिस्तपूर्व काळचीं. पहिलें, दुसरें, सोळावें व सतरावें यांतील सुप्रसिद्ध चित्रें इ. स. च्या पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या अमदानींतील. मातीचा गिलावा, त्यांत भाताचें तूस व वनस्पतींचे धागे, वर पांढऱ्याचा पातळ हात, आणि त्यावर सरसासारख्या बंधक द्रव्यांत कालविलेले रंग, अशी त्यांची रचना. रंग तरी किती? काव, पिवडी, हिरवी माती, काजळ व पांढरा, एवढे हाताशीं मिळणारे. पाषाणी निळा, म्हणजे लाजवर्द, मात्र दूर बदक्शानकडून येणारा. या पांच-सहा द्रव्यांतून तेथील कारागिरांनीं माणसांच्या कातडीच्या किती छटा काढल्या आहेत हें प्रत्यक्ष पाहावें! आपल्या भाषेंत गव्हाळ, निमगोरा, सांवळा, काळासांवळा असे जे शब्द आहेत, त्या प्रत्येकाचा मनुष्य तेथील भिंतीवर सांपडतो. राजा व दासी, परदेशी व्यापारी व वनवासी, सर्व एकाच मातींतून, केवळ प्रमाणाच्या फरकानें उत्पन्न झालेले आहेत.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र म्हणून जो भाग आहे, त्यांत मूळ रंग पांच सांगून, त्यांच्या मिश्रणानें होणाऱ्या रंगांची गणती करणें अशक्य आहे, असा अभिप्राय दिला आहे. तें कल्पनेवर सोडावें, असें ग्रंथकार म्हणतो. छाया देण्याला तो ‘वर्तना’ म्हणतो व तिच्या तीन रीती सांगतो: पानावरील शिरांसारख्या रेषांची, अगदीं बारीक रेषांची, आणि ठिपक्यांची. चेन्निनीच्या तीन वाट्यांशीं या तीन रीतींचा ऐतिहासिक संबंध कांहीं नाहीं. पण एकाच रंगाला फिकट-गडद करून सपाट भिंतीला गोलाई आणावयाची, हा दोघांचा हेतु एकच आहे.

येथवर गोष्ट संयमाची झाली. आतां आडवाटेची. युरोपांत अठराव्या शतकापासून चित्रकारांना गडद तपकिरीचा एक प्रकारचा लोभ सुटला. जुन्या चित्रांतील ती गूढ, उबदार, खोल काळोखी आपल्या चित्रांत आणावयाची, आणि तीहि लवकर! मातींचें मिश्रण करीत बसण्यापेक्षां खनिज डांबर तेलांत विरघळवून लावलें तर तो परिणाम एका हातांत साधतो, असें त्यांस दिसून आलें. ताजेपणीं डांबराचा तपकिरी खरोखरच फार सुंदर दिसतो. पण डांबर पुरतें वाळत नाहीं. वरचा थर वाळतो, खालचा ओला राहतो. वरचा सरकतो, फाटतो, आणि वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडून चित्र काळवंडत जातें. सर जोशुआ रेनल्ड्स हा लंडनच्या रॉयल ॲकॅडेमीचा १७६८ पासूनचा पहिला अध्यक्ष. त्याच्या कित्येक चित्रांची अशाच प्रयोगांमुळें दुर्दशा झाली. हजार वर्षें टिकणारी काव व अंबर बाजारांत दिडकीला मिळत असतां, एका पिढींत चित्र खाणारा रंग हौसेनें वापरला गेला!

याच लोभाचें दुसरें व अधिक लाजिरवाणें रूप म्हणजे ‘ममी ब्राउन’. फारशींत मोमिया म्हणजे नैसर्गिक डांबर. तें औषधी मानलें जाई. मिसर देशांतील प्राचीन प्रेतें डांबर भरूनच टिकविलेलीं आहेत, अशा समजुतीनें तेंच नांव त्या प्रेतांना मिळालें, आणि मग औषध म्हणून तीं प्रेतेंच कुटून विकण्यापर्यंत मजल गेली. औषधाच्या दुकानांतून तो माल रंगाच्या दुकानांत आला. त्यांपासून होणारा तपकिरी रंग तेलांत छान पारदर्शक उतरे, म्हणून शतकानुशतकें तो विकला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील इंग्रज चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स याच्या पेटींतहि त्याची नळी होती. आपल्याला रंगवाल्यानें दळावयास आणलेली ममी पाहण्यास बोलाविलें होतें, असें आल्मा-टाडेमा या चित्रकार मित्रानें एकदां सहज सांगितलें. नांवाप्रमाणें वस्तूहि खरीच आहे हें बर्न-जोन्सला तोंवर माहीत नव्हतें. त्यानें तत्काळ नळी आणली, बागेंत खड्डा खणविला, आणि घरच्या मंडळींसमक्ष तिला रीतसर मूठमाती दिली. त्या वेळीं जवळ असलेल्या मुलांत त्याच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा होता. पुढें त्यानें आपल्या आत्मवृत्तांत ही आठवण लिहून ठेविली. तो मुलगा म्हणजे रडयार्ड किपलिंग. बर्न-जोन्सनें पुरली ती एक नळी. तो धंदा मात्र विसाव्या शतकांतहि चालू होता, आणि १९६४ सालीं लंडनच्या एका जुन्या रंगविक्यानें आपल्याजवळच्या ममी संपल्याचें सांगितलें, तेव्हां कोठें त्याचा शेवट झाला.

किपलिंगच्या नांवावरून आपण पुन्हां मुंबईस येऊं. त्याचा जन्म १८६५ सालीं मुंबईचा, कारण त्याचा बाप जॉन लॉकवुड किपलिंग त्याच वर्षीं येथील जे. जे. कलाशाळेंत शिक्षक म्हणून आला होता. त्याच वर्षीं त्याच शाळेंत जॉन ग्रिफिथ्स हा दुसरा चित्रकार शिक्षक आला. याच ग्रिफिथ्सनें १८७२ ते १८८५ या काळांत पेस्तनजी बोमनजी व इतर विद्यार्थी बरोबर घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला धाडण्यांत आल्या, व १८८५ च्या आगींत त्यांपैकीं बऱ्याच जळाल्या, ही हानि मोठीच झाली. पण मला सांगावयाची हानि निराळी आहे. भिंतीवरचे फिके पडलेले रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनीं वेळोवेळीं मूळ चित्रांवरच रोगण, म्हणजे व्हार्निश, चढविलें. पुढें १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांची दुरुस्ती करविली. त्यांनीं निखळणारा गिलावा मोठ्या कौशल्यानें पक्का केला, हें त्यांचें श्रेय आहे. पण त्यांनींहि वर लाखेचें रोगण दिलें. रोगण ताजें असतांना कांचेसारखें स्वच्छ असतें. जुनें झालें कीं पिंवळें पडतें, मग तपकिरी होतें, आणि धूळ व धूर धरून ठेवतें. अशा रीतीनें अजिंठ्याच्या चित्रांवर चित्रकारानें न कालविलेला असा एक तपकिरी थर बसला.

हा काळाचा तपकिरी मोठा कावेबाज असतो, कारण तो भारदस्त दिसतो. इंग्लंडांत सर जॉर्ज बोमंट नांवाचा एक थोर रसिक होता. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ सालीं स्थापन झाली, तिच्या उभारणींत त्याच्या चित्रसंग्रहाचा मोठा वाटा होता. चांगल्या चित्राचा रंग जुन्या फिडलसारखा तपकिरी असावा, असें त्याचें मत. निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल हा त्याचा मित्र. त्यानें वाद न घालतां एक जुनें फिडल घेतलें आणि घरापुढच्या हिरव्यागार हिरवळीवर ठेवून दिलें! बोमंटनें ज्या जुन्या चित्रांवरून आपलें मत बनविलें होतें, त्यांच्या तपकिरीचा पुष्कळ भाग रोगणाचा होता, मूळ चित्रकाराचा नव्हे. रेंब्रांटचें १६४२ चें एक भव्य चित्र ‘नाइट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा, या नांवानें जगाला माहीत आहे. हें नांव त्याला रेंब्रांटनें दिलेलें नाहीं; रोगण व धूर यांनीं चित्र काळवंडल्यावर तें मागाहून पडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्यें, तें रोगण काढण्यांत आलें तेव्हां दिसून आलें कीं ही मंडळी दिवसाढवळ्या निघालेली आहेत. शाईचीहि तीच गोष्ट. युरोपांतील जुन्या पत्रांची जी तपकिरी शाई आपल्याला इतकी काव्यमय वाटते, ती माजूफळ व हिराकस यांची. लिहिली त्या दिवशीं ती काळी होती. आपल्याकडील जुन्या पोथ्यांची काजळाची शाई आजहि काळीच आहे.

अजिंठ्यास भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनीं हें रोगण व काजळी उतरविण्याचें काम अनेक वर्षें केलें. १९९९ पासून नवव्या-दहाव्या लेण्यांत तें विशेष सूक्ष्मतेनें झालें. कापसाच्या बोळ्यानें, इंच इंच. जेथें केवळ काळपट भिंत दिसत होती तेथें चेहरे वर आले. आणि त्या चेहऱ्यांचा रंग कोणता निघाला? तोहि तपकिरीच! पण तो निराळा. वरचा तपकिरी सर्वांना सारखा करणारा होता; खालचा तपकिरी एकाला गव्हाळ व दुसऱ्याला सांवळा ठेवणारा होता.

श्रोतेहो, या दोन तपकिरींतील फरक ओळखणें हें मला महत्त्वाचें वाटतें, आणि तें चित्रांपुरतेंच नाहीं. जुन्या गोष्टींवर एक सरसकट काळपट झांक चढते, आणि आपण तिलाच त्यांचें खरें रूप समजून तिला वंदन करतों. ती झांक कित्येकदां आपल्याच हातानें, चांगल्या हेतूनें चढविलेली असते. ती उतरवावयाला हात हलका लागतो. कारण घासण्याच्या भरांत वरच्या तपकिरीबरोबर खालचा तपकिरीहि निघून जाण्याची भीति असते.

आतां शेवटीं घरांतल्या त्या मुलाकडे वळूं. उद्यां त्याच्या बशींत पुन्हां चिखल झाला, तर कृपा करून तो फेंकून देऊं नका. त्याच्यापुढें तीन वाट्या मांडा. तो चिखल पहिलींत घ्या. दुसरींत त्याचाच थोडा भाग घेऊन पांढरा व किंचित् पिंवळा घाला. तिसरींत दोहोंतून सारखें घ्या. मग मुलाला आपल्या आजीचा हात काढावयास सांगा. उजेड पडतो तेथें फिकट, मनगटाखालीं गडद, आणि मधल्या जागीं मधला. चित्र कसेंहि होवो. नासलेला म्हणून जो रंग टाकला जात होता तो आजीच्या हाताचा आहे, एवढें त्या दिवशीं त्या मुलाला कळेल.